डॉसच्या फ्लॉपीवर ‘फॅट१२’ हा शब्द शोधत बसू नका

तुमची अडचण मला कळली ती अशी: जुन्या पीसीवर डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फ्लॉपीचा बूट सेक्टर, म्हणजे पहिला सेक्टर, वाचून तुम्ही ऑफसेट ३६एच वर (सेक्टरच्या सुरुवातीपासून मोजलेली जागा; ‘एच’ म्हणजे हेक्स आकडा) ‘फॅट१२’ ही अक्षरं शोधता. फॅट म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांगणारा तक्ता; फॅट१२, फॅट१६ हे त्याचे प्रकार. काही फ्लॉप्यांवर ती सापडतच नाहीत आणि प्रोग्राम ‘अनोळखी डिस्क’ म्हणून थांबतो. शिवाय पहिल्याच सेक्टरला अधूनमधून एरर येते.

एररचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. सेक्टर वाचायला इंटरप्ट १३एच (बायॉसची डिस्कसेवा) बोलावता तेव्हा ड्राइव्हची मोटर नुकतीच फिरू लागलेली असते. पहिल्या एररला फ्लॉपी खराब धरू नका. एएच रजिस्टरमध्ये ० घालून रीसेट करा, पुन्हा वाचा, असं तीनदा. आणि ट्रॅक, हेड ० पासून मोजतात, पण सेक्टर १ पासून. इथे भलेभले फसतात.

आता मूळ प्रश्न. ती अक्षरं डॉस ४.० पासून, म्हणजे १९८८ पासून लिहिली जाऊ लागली. ३.३ वर फॉरमॅट केलेल्या चांगल्या फ्लॉपीवरही ती नसतात. आणि असली तरी ती नुसती पाटी आहे, तिच्यावर निर्णय सोडू नये. खरी खूण म्हणजे क्लस्टरची (फाइलला जागा देताना एकत्र धरलेल्या सेक्टरांच्या गटांची) संख्या: ४०८५ पेक्षा कमी असतील तर फॅट१२, त्यापुढे ६५५२५ च्या आत असतील तर फॅट१६.

३६० केबीची फ्लॉपी घ्या. एकूण ७२० सेक्टर. त्यातून बूटचा १, दोन फॅटचे मिळून ४ आणि रूट डिरेक्टरीचे ७ वजा केले की उरतात ७०८. दोन सेक्टरचा एक क्लस्टर, म्हणजे ३५४ क्लस्टर. प्रत्येकी १०२४ बाइट धरले की ३,६२,४९६. डॉसची चेकडिस्क ही आज्ञा चालवल्यावर पडद्यावर दिसायचा तोच हा आकडा! स्वतः केलेला हिशेब असा जुळला की मला आजही फार आनंद होतो.

हे सगळे आकडे बूट सेक्टरात ऑफसेट ०बीएच पासूनच्या बीपीबीत, म्हणजे डिस्कच्या मापांच्या तक्त्यात, मिळतात. पण बीपीबी आली डॉस २.० बरोबर, १९८३ मध्ये. त्याआधीच्या फ्लॉपीवर त्या जागी बूटचा कोड असतो. माझ्याकडे अशीच एक ३२० केबीची फ्लॉपी आली होती. सुरुवातीला ईबी (उडी मारण्याच्या आज्ञेचा) बाइट बघून मी बीपीबी आहे असं धरून चाललो. ‘क्लस्टरमागे सेक्टर’ म्हणून ० हाती आला आणि भागाकारापाशी पडद्यावर ‘डिव्हाइड ओव्हरफ्लो’. तेव्हापासून मी आकडे पारखल्याशिवाय पुढे जात नाही: सेक्टर ५१२ चा आहे का, क्लस्टरमागे सेक्टर १, २, ४, ८ अशा पटीत आहेत का, फॅट एक किंवा दोनच आहेत का. सेक्टरच्या शेवटी ५५ एए ही खूण असलीच पाहिजे, असा हट्ट मात्र जुन्या फ्लॉपीशी धरू नका.

आकडे पटले नाहीत तर दुसरा सेक्टर वाचा. फॅट तिथूनच सुरू होते आणि तिचा पहिला बाइट फ्लॉपीची जात सांगतो: एफई म्हणजे १६० केबी, एफएफ ३२०, एफसी १८०, एफडी ३६०. पाठोपाठचे दोन बाइट एफएफ एफएफ असले की खात्री पटते. तसं काहीच नसेल, आणि पुढच्या ट्रॅकवर ई५ ची रांगच रांग दिसली, तर सीपी/एम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची शंका घ्या. तिला अशी ओळखखूण नाही, डिरेक्टरीच्या ३२ बाइटी नोंदी डोळ्यांनीच बघाव्या लागतात.

नुसतं बघायचं असेल तर प्रोग्रामही नको. डॉसच्या डीबग या साधनात ‘एल १०० ० ० १’ आणि मग ‘डी १००’ टाका, ए ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरची सुरुवात समोर येते. प्रोग्राममधून इंटरप्ट २५एच (डॉसची सेक्टर वाचण्याची सेवा) वापरलात तर तो फ्लॅग स्टॅकवर तसेच ठेवून परततो, ते स्वतः काढा.

आणि हे सगळं करण्याआधी फ्लॉपीला कुलूप लावा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही असं करा. २५एच वाचतो, २६एच लिहितो. १३एच मध्ये २ वाचतो, ३ लिहितो. एका आकड्याची चूक आणि फॅट गेली. सव्वापाच इंचीवर कडेची खाच चिकटपट्टीने झाका. साडेतीन इंचीवर उलटं: खिडकी उघडी, आरपार दिसली पाहिजे.