आधी चाकांवर उभी राहू दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. मांगरातली ती आजोबांची महिंद्रा 540 जीप बघून जीव सुखावला. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोण्या, वेळप्रसंगी आजारी माणूससुद्धा तिनं मागं घालून वाहिलं आहे. लोक जीप म्हणोत, तुमच्या घरी तिनं पिकअपचंच काम केलं, आणि तेही दुसरी गाडी चढायची नाही अशा चिऱ्याच्या घाटीवर. नऊ वर्षं उभी असली तरी ती मेलेली नाही. फोटोत स्प्रिंगचे पाटे अजून कमानीत दिसतात, चासी सरळ दिसते.

पण तुझ्या एका वाक्याशी मी अडलो. "मे महिन्यात पूर्ण गाडी खोलते, सगळं साफ करते आणि गणपतीपर्यंत परत जोडते." पोरी, पूर्ण गाडी खोलू नकोस.

1996 च्या दिवाळीत मी माझी स्वतःची सीजे-थ्री-बी जीप अशीच खोलली होती. हात तयार होते, उद्यमनगरात गॅरेज होतं, भिंतीपलीकडं लेथ होता. तीन दिवसांत नुसता सांगाडा उरला, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. मग गिऱ्हाइकांच्या गाड्या यायला लागल्या. नट-बोल्ट तेलाच्या डब्यांत गेले, वायरिंग गोणीत गेलं, बॉडी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. दोन वर्षांनी कुठली शिम (फट भरायची पातळ चकती) कुठल्या बाजूची, ते आठवेना. चौथ्या पावसाळ्यात बॉडीला खालून भोकं पडली. 2007 मध्ये ती वजनावर गेली. तिच्या मागच्या फाळक्याच्या दोन साखळ्या तेवढ्या मी सोडवून ठेवल्या. इतक्या लोकांच्या गाड्या उभ्या केल्या, पण ती एक गेली ते अजून सलतं.

म्हणून माझं ऐक. एका वेळी एकच गाठोडं सोडायचं आणि ते बांधल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ब्रेक तर ब्रेक. पुढचा अ‍ॅक्सल तर पुढचा अ‍ॅक्सल. रविवारी संध्याकाळी गाडी चार चाकांवर उभी आणि दोन माणसांनी ढकलता येईल अशी असली पाहिजे. तुझी नोकरी आहे, मध्ये दोन महिने सुट्टी मिळणार नाही, घरात लग्न निघेल. तेवढ्या काळात उभी गाडी वाट बघते, सुटी गाडी हरवते.

पैसे घालण्याआधी कागद बघ. आरसीवरचा चासी नंबर चासीवर घासून, इंजिन नंबर इंजिनावर घासून स्वतःच्या डोळ्यांनी जुळव. इंजिन कधी बदललं असेल तर ते आरसीत चढलेलं असायला हवं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. आजोबांच्या नावावरून वारसाहक्कानं तुझ्या नावावर करायचं कामही आधीच सुरू कर, ते रेंगाळतं. आणि मोठे टायर, वेगळं इंजिन, कापलेली बॉडी असलं काही डोक्यात असेल तर काढून टाक. आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ घडणीत बदल चालत नाही, आणि ही गाडी जशी आहे तशीच देखणी आहे.

आता हात घाल. पण जॅक लावायच्या आधी खाली वाकून बघ. गिअरबॉक्सच्या मागं जोडलेली, ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. तिच्या मागच्या तोंडाशी एक छोटा ड्रम दिसेल. तो तुझा हँडब्रेक. तो चाकांवर नाही, मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर आहे. त्याचा अर्थ नीट समजून घे: मागचं एक चाक उचललंस की डिफ्रन्शलमुळं (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) ते मोकळं फिरतं आणि ओढलेला हँडब्रेक गाडी धरून ठेवत नाही. शाफ्ट काढलास तर हँडब्रेक उरतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगडाच्या उट्या, आणि चासीखाली लोखंडी घोड्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. तुमचं अंगण मातीचं आहे, घोडीखाली जाड फळी घाल.

चाकं काढताना जबरदस्ती करू नकोस. जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट पुष्कळदा उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या तोंडावर 'एल' कोरलाय का बघ. नट हलत नाही म्हणून पान्याला पाइप लावून स्टड मोडलेले मी कितीतरी पाहिले.

पहिलं गाठोडं ब्रेकचं. इंजिनाचं नाही. तुला इंजिनाचा आवाज ऐकायची घाई असणार, मलाही असायची. पण चालू झालेली गाडी कुणीतरी हलवून बघतंच, आणि तुमचं अंगण उताराचं आहे. ड्रम काढल्यावर आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरनं किंवा तोंडानं फुंकू नकोस. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्यानं पूस आणि ते फडकं पिशवीत बांधून टाक. व्हील सिलिंडर उघडलास की आत गंजाची भुकटी मिळेल, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणात हवेला पाण्याची काय कमी! हलका गंज असेल तर साफ होतो, बोटाच्या नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्यायचा. रबरी कप नवेच. आणि हे अधोरेखित करून ठेव: ब्रेकचे रबर डिझेलनं, रॉकेलनं, ग्रीसनं धुवायचे नाहीत. ते फुगतात आणि ब्रेक धरून बसतात. ताजं ब्रेक ऑइलच त्यांना चालतं. लोखंडी नळ्या वरून बऱ्या दिसतात, पण क्लिपखाली गंजतात, म्हणून क्लिप सोडून बघ. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) एकेरी असेल तर एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. तिथं पाचशे रुपये वाचवायचे नाहीत. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात कर.

ब्रेक झाले की मग इंजिन. तुझ्या गाडीत प्युजोचं एक्सडीपी 4.90 आहे, महिंद्रानं परवाना घेऊन इगतपुरीला बनवलेलं. चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून 4.90. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 83, सगळं मिळून 2112 सीसी. सोशीक इंजिन आहे. नऊ वर्षांनी त्याला थेट स्टार्टर मारू नकोस. हीटर प्लग काढ, प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोड, रात्रभर राहू दे, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरव. अडलं तर थांब आणि मला कळव. फिरलं तर टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढ, दोन्ही फिल्टर आणि इंजिन ऑइल बदल, हँड प्रायमरनं हवा काढ. या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, त्यामुळं हीटर प्लग धड नसतील तर सकाळी ते उठणारच नाही. चारही प्लग बॅटरीवर एकेक करून तपास, टोक लाल झालं पाहिजे.

पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हवेच्या पाइपाशी फळी घेऊन उभा कर. डिझेलचा पंप इतकी वर्षं उभा आहे, आतला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकलेला असला तर इंजिन आपोआप चढत जातं आणि बंद करायची तार ओढून काही होत नाही. तेव्हा हवा तोडणं एवढा एकच उपाय हातात राहतो. तिथं हात लावायचा नाही, फळीच.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही. उंदरांनी खाल्लेलं जोडत बसू नकोस, फ्यूजबॉक्ससकट नवं ओढ.

आता ज्यासाठी ही गाडी आहे ते. फोर-व्हीलचा दांडा आजोबांच्या काळात शेवटी शेवटी ओढत नव्हते, असं तू लिहिलंयस. गाडी आवळते, म्हणायचे. गिअरबॉक्सच्या कामासाठी ती एकदा माझ्याकडं आली होती, तेव्हा मी फक्त गिअरबॉक्स केला, पुढं बघितलं नाही. ती चूक आता तुझ्या हातून भरून काढू.

या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफ्रन्शल नाही. दांडा ओढला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना कुलूप लावल्यासारखे एकाच वेगानं फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं, तो फरक चाक घसरूनच सुटतो. चिखलात, वाळूत, सुट्या खडीवर तो सुटतो. कोरड्या डांबरावर सुटत नाही, मग शाफ्टला पीळ बसतो, गाडी जड होते, दांडा परत निघत नाही. म्हणजे आधी विचार, की आजोबा तो डांबरावर ओढायचे का. तसं नसेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का बघ. तेही ठीक असेल तर दोन्ही अ‍ॅक्सलचं क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांकडं वळवणारी दातांची जोडी, एकाच प्रमाणाचं आहे का ते मोज. जुन्या गाडीत कुणीतरी कधीतरी मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा बसवलेला असतो, आणि टू-व्हीलमध्ये ते आयुष्यभर कळत नाही.

मोजायचं असं. गिअर न्यूट्रलला, फोर-व्हील काढलेलं, हँडब्रेक सोडलेला, उट्या पक्क्या. मागचं एकच चाक घोडीवर घे. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूनं खूण कर. चाक बरोबर दोन फेरे फिरव. दोन अशासाठी, की दुसरं चाक जमिनीवर स्थिर असतं. त्यात शाफ्ट किती फेरे फिरला ते मैत्रिणीला मोजायला सांग. माझ्या थ्री-बीला 43 दातांचं क्राऊन आणि 8 दातांचं पिनियन होतं, म्हणजे पाच फेरे पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. तुझा आकडा वेगळा येऊ शकतो, त्याची काळजी नाही. मग पुढचं एक चाक उचलून तसंच मोज. फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून मोकळी करणारे) बसवलेले असतील तर आधी ते लॉक कर. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर आजोबांची तक्रार तिथं आहे, आणि नवं ट्रान्सफर केस घेऊनही ती जाणार नाही.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला ते दोन गोल गोळे आहेत ना, त्यांच्या आत जॉइंट असतो. फोटोत उजवीकडचा गोळा ओला दिसतो. अ‍ॅक्सलमधलं आतलं सील गेलं की गिअर ऑइल गोळ्यात येतं, ग्रीस पातळ होतं आणि शेवटी ड्रममध्ये उतरतं. उघडशील तेव्हा किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, वरच्या-खालच्या शिमा वेगवेगळ्या तारेत ओव, तारेला चिठ्ठी बांध: उजवी वरची, उजवी खालची. त्या कागदासारख्या पातळ शिमांवर सगळं स्टिअरिंग उभं असतं. बेअरिंग सैल राहिलं तर खड्ड्यातून निघाल्यावर पुढची चाकं थरथरत नाचायला लागतात आणि गाडी थांबवेपर्यंत थांबत नाहीत. चाकाचं बेअरिंग आवळताना आतला नट चाक अडेपर्यंत आवळ, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागं घे, लॉक वॉशर वाकव, वरचा नट आवळ.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वहीत लिहून दुकानात जा, "जीपचं द्या" म्हणू नकोस. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दोन्हीकडं अजून माल मिळतो. जुना भाग हातात घेऊन जा.

पत्र्याचं काम शेवटी. सीटखाली, पाय ठेवतो तिथं, आणि बॉडीच्या खालच्या आडव्या चॅनलमध्ये स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघ. आत शिरला तर तेवढा पत्रा कापून नवा घालायचा, वर लांबी (पुट्टी) भरायची नाही. लांबीखाली गंज दोन पावसाळ्यांत परत वर येतो. डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, ती काढून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी उडू द्यायची नाही, बॅटरीही सोडायची. रिकाम्या टाकीला तर घरी वेल्डिंग करायचंच नाही, आतली वाफ पेटते. रंग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. पावसाळी हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. नुसता प्रायमर मारून गाडी पावसाळ्यात ठेवू नकोस, तो पाणी पितो. आणि चॅनलची पाणी निघायची भोकं रंगानं बुजली असतील तर उघड.

गणपतीचा विचार सोड. एवढ्यात ब्रेक आणि इंजिन झालं तरी पुष्कळ. पुढच्या हंगामाला पेट्या घेऊन ती घाटी चढेल, याची मला खात्री वाटते.

पुढच्या हबचा मोठा बॉक्स पाना तुझ्याकडं नसणार. छिन्नी-हातोडीनं नट सोडवू नकोस, माझा घेऊन जा. येशील तेव्हा तुझ्या फाळक्याचं माप आण. फोटोत एका बाजूला साखळीऐवजी दोरी बांधलेली दिसते. माझ्याकडच्या दोन्ही साखळ्या मी काल डिझेलनं धुऊन, तेल लावून ठेवल्या आहेत. कड्या बहुतेक बसतील.

तुझा,
काका