सामान सर्व्हरवरच राहू द्या

फोनवरच्या ई-मेलबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची बरीचशी उत्तरं त्याच्यातच दडलेली आहेत.

प्रश्न : ६ एमबीची पीडीएफ मेलमधून आली. ती फोनवरून फक्त दुसऱ्याला पुढे पाठवली, तर २० एमबीच्या वर डेटा गेला. हा हिशेब कसा?

हिशेब खरा आहे. ई-मेलमध्ये फाइल जशीच्या तशी जात नाही. तिच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे ६ एमबीची फाइल वाटेत ८ एमबीच्या थोडी वर भरते. तुम्ही फॉरवर्ड दाबलंत तेव्हा ॲपने आधी ती ८ एमबी उतरवून घेतली. मग पाठवणाऱ्या सर्व्हरला ८ एमबी चढवली. आणि ‘पाठवलेले’ फोल्डरात प्रत राहावी म्हणून मेलबॉक्सच्या सर्व्हरला तेच ८ एमबी पुन्हा चढवले. झाले २४. फाइल मुळात त्याच सर्व्हरवर पडलेली होती, फोनने तिची नुसती हमाली केली.

यावर तोडगा नाही असं नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ‘लेमोनेड’ नावाचा एक गट खास यासाठी बसला होता: फोन छोटा, बॅटरी थोडी, नेट मंद, तरी ई-मेल नीट चालावा. २००६ मध्ये त्यांनी तीन गोष्टी एकत्र दिल्या. ‘कॅटनेट’मुळे फोन सर्व्हरला सांगू शकतो, ‘माझ्या या दोन ओळी घे, त्या जुन्या मेलमधला दुसरा भाग, म्हणजे फाइल, घे, जोड आणि नवा मेल बनव.’ ‘यूआरएलऑथ’ त्या मेलचा सही-शिक्क्याचा पत्ता देतो. आणि ‘बर्ल’मुळे पाठवणारा सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन मेल स्वतः उचलतो. फोनवरून जातात त्या तुमच्या दोन ओळी आणि हा निरोप, एक-दोन केबीच्या आसपास. २४ एमबीच्या जागी एक-दोन केबी! मी मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हा फरक लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, रोज डोळ्यांसमोर असतो आणि दरवेळी जिवाला लागतो. ज्याचा डेटा पॅक सगळ्यात छोटा, त्यालाच या हमालीचा भुर्दंड सगळ्यात जास्त.

पण ही मानकं फारशी वापरात आली नाहीत; त्याचं कारण शेवटी सांगतो. तोवर एक करा : मोठी फाइल पुढे पाठवायची असेल तर मेल सेवेच्या वेबसाइटवरून पाठवा. तिथे फॉरवर्डचं काम सर्व्हरवरच होतं.

प्रश्न : आंबा घाटातून रोज एसटीने जातो. रेंज गेली-आली की मेल ॲप अख्खी यादी पुन्हा गोल गोल फिरवत बसतं. फोन जुना आहे म्हणून का?

फोनचा दोष नाही. फोन आणि मेल सर्व्हर ज्या नेहमीच्या पद्धतीने बोलतात तिला आयमॅप म्हणतात. जोडणी तुटली की साध्या आयमॅपमध्ये फोनला मधल्या काळात काय घडलं याचा पत्ता नसतो. म्हणून तो प्रत्येक मेलची स्थिती पुन्हा विचारत बसतो. कोणता वाचला, कोणता पुसला, कोणावर तारा लावला. पेटीत दहा हजार मेल असतील तर दहा हजारांची चौकशी.

‘कंडस्टोअर’ (CONDSTORE) आणि ‘क्यूरिसिंक’ (QRESYNC) या आयमॅपला नंतर जोडलेल्या दोन विस्तारांनी ही चौकशी संपते. प्रत्येक बदलाला सर्व्हर चढता क्रमांक देतो. घाट उतरल्यावर फोन एवढंच म्हणतो, ‘मी ७१५३२ पर्यंत आलो होतो, पुढचं सांगा.’ सर्व्हर सांगतो : तीन नवे, दोन वाचले गेले, पाच पुसले गेले. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. मागचं पान पुन्हा वाचायचं नाही, खाली जिथे थांबलो तिथून पुढे. मेल ॲप निवडताना हे दोन शब्द त्याच्या माहितीत आहेत का ते बघा. तुमच्या रस्त्यावर ते बाकी सगळ्या सोयींपेक्षा जास्त कामाचे आहेत.

प्रश्न : फोनवर वाचलेला मेल घरच्या कॉम्प्युटरवर न वाचलेलाच दिसतो.

एका ठिकाणी तरी पीओपी, म्हणजे वाचल्याची खूण सर्व्हरवर न ठेवणारी जुनी पद्धत, लावलेलं आहे. दोन्हीकडे आयमॅप लावा.

प्रश्न : ‘पुश’ (मेल येताच फोनवर पोचवणारी सोय) चालू ठेवलं तर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते, बंद केलं तर मेल अर्ध्या तासाने येतो. मधला मार्ग आहे का?

आहे. १९९७ च्या ‘आयडल’ या विस्तारात फोन जोडणी उघडी ठेवून शांत बसतो आणि मेल आला की सर्व्हर हाक मारतो. मानकाच्या सल्ल्याप्रमाणे फोनने निदान दर २९ मिनिटांनी नव्याने नोंद द्यायची. अडचण मोबाइल नेटवर्कमध्ये आहे. गप्प बसलेली जोडणी तिथे बऱ्याचदा काही मिनिटांतच विसरली जाते. ती जिवंत ठेवायला ॲप मधूनमधून चिमूटभर डेटा पाठवतं. डेटा चिमूटभर असला तरी तेवढ्यासाठी फोनचा रेडिओ, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, जागा होतो आणि काम झाल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. बॅटरी खातो तो हा जागरणाचा वेळ.

त्यात ‘आयडल’ एका जोडणीवर एकच फोल्डर बघतो. सहा फोल्डरांना पुश लावलंत तर सहा जोडण्या. २००९ च्या ‘नोटिफाय’ने सगळे फोल्डर एकाच जोडणीवर आणले, पण ते सगळीकडे सापडत नाही. म्हणून आजचा मधला मार्ग : पुश फक्त इनबॉक्सला, बाकी फोल्डर तुम्ही उघडाल तेव्हा.

प्रश्न : मराठीत लिहिलेला मेल इंग्रजीपेक्षा ‘जड’ असतो का? आणि विषयाच्या ओळीत मधेच चौकोन का येतात?

जड असतो, पण घाबरण्याइतका नाही. ‘मराठी’ हा शब्दच घ्या. म, र, काना, ठ, वेलांटी अशा पाच खुणा, प्रत्येकी तीन बाइट, एकूण १५. जुन्या सर्व्हरांना झेपावं म्हणून काही ॲप प्रत्येक बाइट ‘=’ या चिन्हासह तीन अक्षरांत लिहितात. मग त्याच शब्दाचे ४५ होतात. दुसऱ्या, तीनाचे चार करणाऱ्या पद्धतीत २० होतात. सर्व्हर आणि ॲप दोघांना ‘कॉम्प्रेस’ येत असेल तर हा फुगवटा वाटेत बराच दाबला जातो, कारण देवनागरीत तेच तेच बाइट पुन्हा पुन्हा येतात.

चौकोनांचं कारण वेगळं आहे. विषयाच्या ओळीतला मराठी मजकूर तुकड्यांत जातो आणि एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा चालत नाही. त्यात देवनागरीच्या जेमतेम पंधरा खुणा बसतात. तुकडा खुणेच्या मधोमध तोडायचा नाही असं मानक १९९६ पासून सांगतं. तरीही काही प्रोग्राम बाइट मोजून तोडतात, तीन बाइटांपैकी एक इकडे, दोन तिकडे, आणि अक्षराच्या जागी चौकोन उरतो. ही मराठीची अडचण नाही, निष्काळजी प्रोग्रामिंग आहे. पाठवणाऱ्याला ॲपचं नाव विचारा आणि ॲप बनवणाऱ्यांना नमुन्यासकट कळवा. दुरुस्ती अवघड नसते.

पहिला प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने जोडून विचारलंय की इतकी चांगली मानकं होती तर ती वापरात का नाहीत. तीन विस्तार, दोन वेगळे सर्व्हर आणि ॲप, सगळ्यांनी एकाच वेळी शिकायला हवं होतं. ॲपवाले म्हणत सर्व्हरला येत नाही, सर्व्हरवाले म्हणत ॲप मागत नाही. दरम्यान मोठ्या कंपन्यांनी आपापली वाट काढली; मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्हसिंक’ या स्वतःच्या मेल पद्धतीत ‘स्मार्टफॉरवर्ड’ हेच काम करतो, पण ती वाट सगळ्यांची नाही.

म्हणून माझी आशा २०१९ मध्ये मानक झालेल्या ‘जेमॅप’वर (JMAP) आहे; फोन आणि मेल सर्व्हरने बोलायची ही नवी पद्धत. त्यात अटॅचमेंटला सर्व्हरवरच ओळख क्रमांक असतो. मेल बनवणं, पाठवणं आणि ‘पाठवलेले’मध्ये ठेवणं एकाच विनंतीत होतं, तेही एकाच सर्व्हरशी बोलून. सायरस, अपाचे जेम्स आणि स्टॉलवर्ट या मुक्त (ओपन सोर्स) सर्व्हरांवर ते चालतं. तुमच्या कॉलेजचा किंवा संस्थेचा मेल सर्व्हर बदलायची चर्चा चालू असेल, तर निविदेच्या अटींत ‘जेमॅप हवं’ ही एक ओळ घालायला लावा.