चालू कॉम्प्युटरमधून हार्डडिस्क, पेनड्राइव्ह किंवा केबल थेट ओढून काढली तर खरंच काही बिघडतं का?

तुम्ही विचारलंय ते असं: चार वर्षं 'सेफली रिमूव्ह' न करताच पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल हार्डडिस्क काढताय, अजून काही झालेलं नाही, मग ते करायची गरज आहे का? केलंच तर कधी कधी 'डिव्हाइस सध्या वापरात आहे' असं येतं, तेव्हा काय करायचं? आणि माउस, प्रिंटर, मॉनिटर चालू मशीनला लावले-काढले तर चालतं का?

नाशिकला अशोकस्तंभाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. नुसती ओढून काढल्यामुळे बिघडलेली डिस्क घेऊन लोक येतात तेव्हा डिस्कची किंमत कुणीच विचारत नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत, वडिलांचा आवाज आहे, तीन वर्षांचं टॅली आहे, एवढंच सांगतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कॉपी म्हणजे काय ते बघा. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर खळ्यावर खाली झाला म्हणजे व्यवहार संपला असं होत नाही, हिशोबपट्टी हातात पडली की संपतो. ड्राइव्हवरही दोन कामं होतात. फाइलचा माल मोकळ्या जागेत उतरतो, आणि कुठली फाइल कुठे सुरू होते, पुढचा तुकडा कुठे आहे, एकूण आकार किती, याची नोंद ड्राइव्हवरच्याच वहीत होते. माल उतरला आणि नोंद अर्धी राहिली, तर फाइल डिस्कवर असूनही सापडत नाही. नोंद लिहिता लिहिताच केबल निघाली, तर वहीचं ते पानच खराब होतं आणि त्या पानावरच्या जुन्या फाइलीही जातात, ज्यांना तुम्ही त्या दिवशी हातसुद्धा लावलेला नसतो. 'जाऊन जाऊन एक फाइल जाईल' असं लोक म्हणतात, ते इथे चुकतं.

त्यात कॉम्प्युटर वेगासाठी लिहायचा डेटा थोडा वेळ रॅममध्ये, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत, धरून ठेवू शकतो. म्हणजे स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरली तरी शेवटचा माल अजून वाटेत असू शकतो. 'सेफली रिमूव्ह' किंवा 'इजेक्ट' केलं की कॉम्प्युटर धरून ठेवलेलं सगळं लिहून टाकतो, वही मिटतो, कुणी फाइल उघडून बसलंय का बघतो आणि मगच सोडतो.

मग चार वर्षांत तुमचं काही कसं बिघडलं नाही? विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, बाहेरच्या ड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल' हे सेटिंग आपोआप असतं. त्यात विंडोज डेटा रॅममध्ये साठवून न ठेवता लगेच लिहायला पाठवतं. तुमच्या मशीनवर काय आहे ते बघायचं असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्क ड्राइव्हजमध्ये तुमची डिस्क निवडा, प्रॉपर्टीजमध्ये पॉलिसीज हा टॅब आहे. तिथे 'बेटर परफॉर्मन्स' निवडलेलं असेल तर इजेक्ट केल्याशिवाय डिस्क कधीच काढू नका. 'क्विक रिमूव्हल' असलं तरी त्याचा अर्थ 'काही लिहिणं चालू नसेल तर काढा' एवढाच आहे. आणि लिहिणं चालू आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. बॅकअपचं सॉफ्टवेअर, फोटोंचं अ‍ॅप, अँटिव्हायरस मागच्या मागे त्या डिस्कवर काम करत असतात.

लिनक्सवर तर माझा आग्रह दुप्पट आहे. तिथे मोठी फाइल पेनड्राइव्हवर पाच सेकंदांत गेली असं दिसतं, कारण ती रॅममध्ये गेलेली असते. इजेक्ट केल्यावर दोन-तीन मिनिटं लागली तर हँग झालं समजून ओढू नका, खरं लिहिणं तेव्हाच चालू असतं. मॅकवरही इजेक्ट करूनच काढा.

फॉरमॅटनेही, म्हणजे ही वही ठेवायच्या पद्धतीनेही, फरक पडतो. एनटीएफएस हा प्रकार बदल करण्याआधी त्याची रोजकीर्द ठेवतो, म्हणून मधेच तुटलं तरी वही बऱ्यापैकी सावरता येते. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर असणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये रोजकीर्द नसते. मॅकलाही चालावी म्हणून बरेच जण मोठी डिस्क एक्सफॅट करून घेतात. तशी तुमची असेल तर जास्त जपा.

२०१५ च्या सिंहस्थात एक फोटोग्राफर माझ्याकडे आले होते. रामकुंडावरच्या पर्वणीचे दिवसभराचे फोटो त्यांनी लॅपटॉपवरून पोर्टेबल डिस्कवर कट-पेस्ट केले. पट्टी संपली, केबल ओढली, डिस्क खिशात टाकून गर्दीतून निघाले. संध्याकाळी डिस्क लावली तर विंडोज म्हणालं, आधी फॉरमॅट करा. लॅपटॉपवर काही उरलेलं नव्हतं, कारण कॉपी नव्हे, कट केलं होतं. कार्डं पुढच्या दिवसासाठी रिकामी करून झाली होती. मी फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. ते वहीकडे बघतच नाही, डिस्कवरचा कच्चा माल चाळून फोटोची सुरुवात ओळखतं. सकाळी बरेच फोटो मिळाले, पण नावं गेलेली, फोल्डर नाहीत, पहाटेचे आणि दुपारचे सगळे एकत्र. काही फोटो अर्धे करडे. एका साधूंचा पाण्यातून वर येतानाचा चेहरा होता, कपाळापर्यंत स्वच्छ आणि खाली नुसती राखाडी पट्टी. तो फोटो बघताना ते गृहस्थ गप्प झाले, तो क्षण माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: बाहेरच्या डिस्कवर कट-पेस्ट कधीच नाही. कॉपी करा, इजेक्ट करा, परत लावा, दोन-चार फाइली तिथूनच उघडून बघा, मग मूळ पुसा. लाईट कधीही जाऊ शकते, त्या वेळीही हीच सवय वाचवते.

फिरत्या हार्डडिस्कला डेटाशिवाय आणखी एक धोका असतो, मार लागण्याचा. पोर्टेबल डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर. इजेक्ट झाल्यावर हेड शांतपणे बाजूला जाऊन बसतं. अचानक वीज तुटली तरी फिरत्या तबकडीच्या जोरावर ते बाजूला ओढलं जातं, पण ही तातडीची सोय आहे, रोज वापरायची नाही. त्यामुळे इजेक्ट करा, केबल काढा आणि डिस्क तिथेच टेबलावर राहू द्या. वर तळहात ठेवा. बारीक थरथर लागेल, ती काही सेकंदांत मंदावते आणि थांबते. थांबली की उचला. केबल हातात धरून डिस्क लोंबकळत नेणारे मी रोज बघतो, तेव्हा जीव वरखाली होतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, तिला हा धोका नाही. वहीचा धोका मात्र तिलाही तेवढाच.

डिस्क लावल्यावर टिक टिक आवाज करून आपोआप निघत असेल तर आधी वीज तपासा. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. तबकडी फिरायला लागताना डिस्क जास्त ओढते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब केबल लावून, वर अ‍ॅडॉप्टर नसलेला हब जोडला तर डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही आणि लिहिता लिहिता ती बंद पडते, म्हणजे ओढून काढल्यासारखंच झालं. मागचं पोर्ट आणि डिस्कसोबत आलेली आखूड केबल वापरा. तरीही आवाज आला तर परत परत लावून बघू नका.

आता 'वापरात आहे' या निरोपाबद्दल. त्या डिस्कवरून उघडलेली प्रत्येक गोष्ट बंद करा. वर्डची फाइल आणि व्हिडिओ लोक बंद करतात, पण डिस्कचं फोल्डर उघडंच राहतं. तरी सोडत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. नेमकं कोण अडवतंय ते हवं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथे 'कर्नल-पीएनपी' नावाची २२५ क्रमांकाची नोंद सापडते, तिच्यात अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात तिथे बहुतेक वेळा अँटिव्हायरस किंवा बॅकअपवालं सॉफ्टवेअर निघतं. एवढं करायला वेळ नसेल तर सरळ शटडाउन करा, शिफ्ट दाबून धरून, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं, आणि मग डिस्क काढा. स्लीपमध्ये असताना काढू नका. झोपलेल्या मशीनला वाटत असतं की डिस्क अजून लागलेलीच आहे.

माउस, कीबोर्ड, प्रिंटर यूएसबीचे असतील तर खुशाल चालू मशीनला लावा-काढा, फक्त प्रिंट चालू असताना नको. यूएसबीची रचनाच त्यासाठी आहे. पेनड्राइव्हसारख्या चपट्या चौकोनी तोंडाच्या जुन्या यूएसबी केबलचं टोक उजेडात धरून आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील, कडेच्या दोन थोड्या लांब, मधल्या दोन साधारण मिलिमीटरभर मागे. कडेच्या वीज आणि ग्राउंडच्या, मधल्या डेटाच्या. लावताना ग्राउंड आधी टेकतं, काढताना शेवटी सुटतं. म्हणून ती सरळ लावा, सरळ काढा, तिरकी हलवून नाही.

जुन्या ऑफिसांत जांभळ्या-हिरव्या गोल पिनेचे कीबोर्ड-माउस अजून दिसतात. त्या पीएस/२ पिनेला ही सोय नाही. मशीन बंद करूनच लावा. चालू मशीनला लावताना पिन वाकडी गेली तर मदरबोर्डवरचा फ्यूज जाऊ शकतो.

ज्या दोन वस्तूंना वेगवेगळ्या सॉकेटमधून लाईट मिळते, त्यांची जोडणी मात्र खरी जपायची असते: मॉनिटर, टीव्ही, प्रोजेक्टर. आपल्याकडे अर्थिंगची अवस्था तुम्हाला माहीत आहे. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ना? एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआयची, म्हणजे टीव्ही-मॉनिटरच्या जोडणीची, नाजूक चिप उडवायला तो पुरतो. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, मशीनला प्रोग्रॅम पाठवायची आरएस-२३२ ही जुन्या पद्धतीची केबल चालू पीसीला, चालू मशीनवर लावली जायची. वर्षात दोनदा मशीनचं पोर्ट गेलं, काम अडलं. केबल बदलून उपयोग झाला नाही. पीसीच्या सॉकेटला अर्थिंग करून घेतलं, मध्ये ऑप्टो-आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडची वीज जोडू न देता सिग्नल प्रकाशातून पुढे पाठवणारा तुकडा, बसवला, आणि दोन्हीकडचं बटण बंद केल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही असं ऑपरेटरला समजावलं. त्यानंतर तिथून पोर्टचं काम आलेलं नाही. घरी टीव्हीला लॅपटॉप लावताना एवढं करा: टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद, लॅपटॉपच्या चार्जरचंही बंद, केबल लावा, मग चालू. अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्याच.

कॅबिनेट उघडून रॅम किंवा आतली सॅटा डिस्क काढायची असेल तर वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उघड्या पत्र्याला हात टेकवा आणि मगच आत हात घाला. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढतानाही चटचट होतं. तेवढ्या स्टॅटिकने रॅम जाऊ शकते.

आणि कधी डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं आलंच, तर 'कॅन्सल' दाबा. रिपेअरचा पर्यायही लगेच दाबू नका, तो वही जुळवताना उरलेल्या नोंदीही पुसू शकतो. डिस्कवर नवीन काही टाकू नका, कारण नवीन माल जुन्याच्या जागेवर उतरतो. आवाज येत नसेल तर फोटोरेक चालवून सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. आवाज येत असेल तर डिस्क काढून ठेवा, घरी काहीही करू नका, आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे न्या. नेताना रुमालात गुंडाळा, डिक्कीत टाकू नका.