युनोच्या शांतता मिशनवरून परतलेल्या पोराला

बाळा, परवा ऊस पेटवल्याचा धूर आला नि तू बांधावरच बसलास, हे तुझ्या आईनं सांगितलं. मला नवल वाटलं नाही. दक्षिण सुदानहून आल्यावर माझंही असंच झालं होतं. जळलेल्या गवती झोपड्यांचा वास नाकातून जात नव्हता. आणि चिखलात रुतलेली लहान पोराची एक चप्पल, निळ्या पट्ट्याची. माणसांपेक्षा तीच जास्त दिसायची.

'मी पुढं का गेलो नाही' हा प्रश्न तुला खात असणार. 19 डिसेंबर 2013 ला दक्षिण सुदानातल्या अकोबोच्या युनो तळावर हल्ला झाला, तेव्हा आपले दोन जवान पडले आणि आसऱ्याला आलेली माणसंही मेली. निळं हेल्मेट घातलं म्हणून चार बंदुकांनी हजारोंचा जमाव थांबत नाही रे. तू तिथं होतास, ही काही लहान गोष्ट नाही.

आता ऐक. बाटली जवळ करू नकोस. आमच्यातले दोघं त्याच वाटेनं गेले. तुझ्या सेक्शनमधल्या पोरांना आठवड्याला फोन कर, कारण जे बायकोला सांगवत नाही ते त्यांना सांगता येतं. झोप लागत नसेल तर बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखव. रात्रीबेरात्री 14416 वर टेली-मानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनची, माणसं बोलतात. डॉक्टरकडं गेलं म्हणजे मराठा गडी कच्चा निघाला, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठव.

गणपतीत फटाके वाजतील तेव्हा खानापूरला माझ्याकडं ये. शेतावर शांत असतं.