ग्रंथालयशास्त्राचा अर्ज भरण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पदवीला टक्के कमी पडले, आता ग्रंथालयशास्त्राला कोण घेणार, ही तुझी काळजी. आधी गुणपत्रकाची मागची बाजू बघ. सीजीपीएचे टक्के कसे काढायचे ते बहुतेक तिथंच छापलेलं असतं, आणि सूत्र सगळीकडे एकच नसतं. 5.6 ला नुसतं 10 नं गुणलं तर 56 टक्के, आधी 0.75 वजा करायचा नियम असेल तर तेच 48.5. मनानं आकडा टाकलास तर कागदपत्रं तपासताना अर्ज अडतो. सूत्र छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घे.

धारवाडला पदवीनंतर दोन वर्षांचं एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, आहे. कोल्हापूरकडे जायचं ठरवलंस तर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, लागेल, ते वेळेत काढ. आणि एक नीट ध्यानात ठेव: कर्नाटकचा 3-बी या मागास गटाचा दाखला महाराष्ट्रात राखीव जागेसाठी चालत नाही, तिथं खुल्या गटाची अट धरूनच हिशेब कर. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना तिथल्या काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी सोय असते. या अभ्यासक्रमाला ती आहे का, हे प्रवेश विभागात विचार. बंगळुरूच्या डीआरटीसीत, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या ग्रंथालयशास्त्र केंद्रात, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, तोही रस्ता मोकळा आहे.

पण खरी काळजी करायची ती पुढच्या टक्क्यांची. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला 55 टक्के हवेत, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. राखीव गटांना 5 टक्क्यांची सूट आहे. नेटच्या नियमात 54.9 चे 55 करत नाहीत. पदवीचे गुण आता बदलणार नाहीत, हे मात्र तुझ्या हातात आहे.

मुलं मागं पडतात ती वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात, कारण क्रमांक पाठ करतात, बांधत नाहीत. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीत, मराठी साहित्य 891.46. पुढं 1 लागला की कविता, 3 लागला की कादंबरी; एक आकडा चुकला की कवितासंग्रह कादंबऱ्यांच्या कपाटात जातो. गावच्या वाचनालयात जाऊन रोज पाच पुस्तकं घे, क्रमांक स्वतः बांध, मग तक्त्याशी ताडून बघ. प्रवेशाची यादी लागेपर्यंत एवढं चालू ठेव, आणि गुणपत्रकाची झेरॉक्स मागच्या बाजूसकट पाठव.

तुझा हितचिंतक