आठ वर्षांनंतरही 'सीनियर इंजिनिअर'च असेन आणि मॅनेजर झालो नाही, तर करिअर थांबलं असं समजायचं का?

नाही. आणि हे विचारायला तुम्हाला कोणी भाग पाडलं असेल, तर ते घरचंच माणूस असणार.

माझे दाजी परभणीला महसूल खात्यात आहेत. त्यांची शिडी सरळ आहे: तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार. मी सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ इंजिनिअर (सीनियरच्या वरची, पण मॅनेजर नसलेली पायरी) झालो, तेव्हा भाऊबीजेला ते चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "बारा वर्षं झाली पुण्यात, हाताखाली किती माणसं हायेत बाप्पा?" एकही नव्हतं. ते अजून सलतं.

त्याच भाऊबीजेला रात्री आमच्या कंपनीचं पेमेंट अडकलं. लाइट गेलेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मी अंगणातल्या बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलो. बँकेचा गेटवे, म्हणजे पैसे पुढे पाठवणारी यंत्रणा, मंद झाला होता. उत्तर आलं नाही की ॲप पेमेंट सर्व्हिसला तीनदा हाक मारायचं, ती वॉलेटला तीनदा, वॉलेट गेटवेला तीनदा. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे गेटवेवर 27 हाका! प्रत्येक टीमचा कोड आपापल्या जागी बरोबर होता. तीन टीमना फोनवर धरून मी खालचे दोन रिट्राय (पुन्हा पुन्हा हाक मारणं) बंद करायला लावले, फक्त वरचा ठेवला. अर्ध्या तासात गाडं रुळावर आलं. त्या तिघांपैकी एकही टीम मला रिपोर्ट करत नव्हती. सीनियर आपल्या टीमचं काम तडीस नेतो, स्टाफ टीमांच्या मधल्या फटीतलं. माझ्या मते फरक एवढाच.

दाजी बाजूलाच बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "यात साहेब कोण होतं?"

पदांच्या नावावर फार जाऊ नका. सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या) दोन-तीन वर्षांत नावापुढे 'सीनियर' लागतं. गूगलमध्ये सीनियर म्हणजे एल-5 (लेव्हल 5), स्टाफ एल-6. ॲमेझॉनमध्ये स्टाफ हे पदच नाही, सीनियरनंतर थेट प्रिन्सिपल. आणि सीनियरवर आयुष्यभर राहणारे उत्तम इंजिनिअर खूप आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

हं, एक राहिलं. तुमच्या कंपनीत मॅनेजरशिवाय वरची वाटच नसेल, तर माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही. लीडकडून लेव्हलचा कागद, म्हणजे कुठल्या पदाला काय अपेक्षित आहे ते लिहिलेला, मागून घ्या. नसेल, तर दुसरी कंपनी बघा. पण माणसं सांभाळायची खरी हौस नसताना फक्त पाहुण्यांसाठी मॅनेजर होऊ नका.

यंदा भाऊबीजेला परभणीला जातोय. दाजींना ते 27चं गणित कागदावर मांडून दाखवणार आहे.