घर बंद होतं, म्हणून शेजारी विचारलं! (मतचाचण्यांवरील प्रश्नोत्तरे)

'सँपल (नमुना) किती?' हे सगळेच विचारतात. 'सँपल कुणाचं?' हे पत्रांमधून क्वचितच कुणी विचारतं. म्हणून पुन्हा एकदा.

तीस वर्षं मतदान करतोय, पण एकाही सर्व्हेवाल्याने मला विचारलेलं नाही. मग हे आकडे येतात कुठून? (नाशिक)

2024च्या विधानसभेला राज्यात सुमारे 9.7 कोटी मतदार होते. 2,000 जणांच्या चाचणीत तुमचं नाव निघण्याची शक्यता साधारण साडेअठ्ठेचाळीस हजारांत एक. यात नवल काही नाही.

आमच्या शहरातल्या यूट्यूब चॅनलच्या पोलमध्ये 48,000 मतं पडली. एवढा मोठा आकडा चुकेल कसा? (सोलापूर)

सहज चुकेल. अमेरिकेत 1936च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे 20 लाखांहून अधिक नमुना मतपत्रिका भरून आल्या. त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं आणि प्रतिस्पर्धी रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. साप्ताहिकाने निदान पत्त्यांच्या याद्या तरी जमवल्या होत्या. चॅनलच्या पोलमध्ये लिंक ज्यांच्या ग्रुपवर फिरली त्यांचाच कौल येतो.

एका चाचणीत 'अ' 42 टक्के, 'ब' 40 टक्के, त्रुटीमर्यादा ±3. म्हणजे 'अ' पुढे ना? (लातूर)

नाही. 1,000च्या नमुन्यात ±3 ही एकेका आकड्याची मर्यादा झाली, म्हणजे खरा आकडा साधारण तीन टक्क्यांनी वर किंवा खाली असू शकतो. दोघांमधल्या फरकाची मर्यादा ±5.6च्या आसपास जाते. बरोबरी धरा. ही मर्यादाही फक्त यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठी काढल्यासारखं) निवडलेल्या नमुन्याला लागू पडते.

2024च्या लोकसभेचे एक्झिट पोल सपशेल आपटले. म्हणजे सगळीच धूळफेक? (पुणे)

मतं आणि जागा वेगळ्या काढा. महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याहून कमी अंतर होतं, जागा मात्र 30 आणि 17. मुंबई वायव्यचा निकाल 48 मतांनी लागला. एवढ्या बारीक फरकातून जागांचा आकडा काढणं म्हणजे गृहीतकांचा खेळ. पण देशभर बहुतेकांनी रालोआला 350च्या वर नेलं आणि मिळाल्या 293, हे मात्र या सबबीखाली झाकता येणार नाही. चूक नेमकी कुठे झाली हे कच्चा डेटा पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तो दाखवायला बहुतेकांची तयारी नसते. नमुना, तारखा आणि मतांची टक्केवारी पडद्यावर नसेल तर वाहिनी बदला.

नगरपरिषदेला उभं राहायचा विचार आहे. एक एजन्सी चार दिवसांत 5,000 घरांचा सर्व्हे करून देते म्हणते. घर बंद असलं तर शेजारच्या घरी विचारतात. चालेल का? (बीड जिल्हा)

नाही चालणार. मतचाचणीची सर्वांत जास्त वाट लागते ती या 'शेजारी विचारलं'मुळेच. सकाळी अकराला दार कोण उघडतं? घरी असलेली गृहिणी, निवृत्त माणूस, नाहीतर बेरोजगार पोरगा. नोकरीवर गेलेले, शेतात असलेले, ऊसतोडीला गेलेले सगळे गळतात. तुमच्या जिल्ह्यात तर दिवाळीनंतर तांड्यांवरची बरीच घरं कुलूपबंद असतात. कोकणात याच्या उलट: गणपतीत गेलात तर घरं भरलेली, पण त्यातल्या अनेकांचं नाव मुंबईच्या मतदारयादीत.

समजा, घरी सापडणाऱ्यांत तुम्हाला 50 टक्के पाठिंबा आहे, न सापडणाऱ्यांत 40, आणि दोन्ही गट सारखेच मोठे आहेत. खरा आकडा 45; एजन्सी देणार 50. 5,000 ऐवजी 50,000 घरं केली तरी 50च येणार. नमुना वाढवल्याने ही चूक कमी होत नाही, उलट ती जास्त खात्रीची वाटू लागते.

रीत अशी. आधी बूथ चिठ्ठीने काढा. बूथच्या यादीत 1,140 नावं आहेत आणि 20 हवीत, तर अंतर 57. 1 ते 57 मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. 23 निघाला तर 23, 80, 137 असे क्रमांक घेत जा. मुलाखत त्याच माणसाची घ्यायची, त्याच्या भावाची नाही. तो भेटला नाही तर किमान तीन फेऱ्या, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर आणि एक रविवारी. तरीही नाही भेटला तर 'भेटला नाही' अशी नोंद करायची. मताचा प्रश्न तोंडी विचारू नका, नमुना मतपत्रिका देऊन डब्यात टाकायला सांगा. सासू शेजारी बसलेली असताना सून खरं सांगेलच असं नाही.

एजन्सीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: निवडलेल्यांपैकी किती टक्के प्रत्यक्ष भेटले, प्रत्येक मुलाखतीची वेळ व जीपीएस नोंद, आणि दहा टक्के मुलाखतींची दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणी. पंचवीस प्रश्नांची मुलाखत चार मिनिटांत संपली असेल तर ती चहाच्या टपरीवर बसून भरलेली आहे. करार करण्याआधी नमुना-आराखडा जवळच्या महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात धावत येऊ नका. तेव्हा कुणीच काही दुरुस्त करू शकत नाही.

'लाडकी बहीण योजना चालू राहावी का?' असा प्रश्न टाकला, जवळपास सगळे 'हो' म्हणाले. अहवालात लिहू? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

घरात येणारे 1,500 रुपये कोण नाकारेल? 'त्यासाठी दुसऱ्या कशाचा खर्च कमी केला तर चालेल का?' हेही विचारा. 'सांगता येत नाही' हा पर्याय ठेवा. आधी वीस जणांवर प्रश्नावली चालवून पाहा आणि मार्गदर्शकांची सही घेतल्यावरच छापा.

सोसायटीत 64 सदनिका आहेत. पुनर्विकासासाठी किती नमुना घ्यावा? (ठाणे)

नमुना कसला? सगळ्यांना विचारा. आणि व्हॉट्सअ‍ॅप पोल म्हणजे ठराव नव्हे, वकील गाठा.

आमच्या टप्प्याचं मतदान संपलं की एक्झिट पोल फेसबुकवर टाकता येईल? (नागपूर)

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951च्या कलम 126अ नुसार सर्व टप्प्यांचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंदी आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे लोकसभा-विधानसभेचं झालं. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तिथले आदेश वेगळे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेला लेखी विचारा आणि उत्तर हातात येईपर्यंत पोस्ट थांबवा.